पडद्यावरचे ठिपके किती दाट हवेत?

भाताची लावणी होऊन आठ-पंधरा दिवस झाले की एखाद्या खाचराच्या बांधावर जाऊन उभे राहा. दोरी धरून ओळीत लावलेले भात असेल, तर चुडांच्या हिरव्या रांगा आणि त्यांच्यामधले गढूळ पाण्याचे पट्टे अगदी वेगवेगळे दिसतात. आता तीच खाचरे माथेरानच्या पॅनोरमा पॉइंटवरून पाहा. रांगा नाहीत, पाणी नाही. नेरळच्या बाजूला नुसती हिरवी चादर अंथरलेली. शेत तेच, डोळेही तेच. मग मधल्या रांगा गेल्या कुठे?

या प्रश्नाचे उत्तर सापडले की आणखी एका प्रश्नाचे उत्तर त्याच्या पाठोपाठ येते. कर्जतहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेने १०० कि.मी. आहे. लोकल कर्जतलाच सुटते म्हणून बसायला जागा मिळते, आणि पुढचे सुमारे दोन तास मांडीवर लॅपटॉप उघडून काम करता येते. असा लॅपटॉप लहान आणि हलका हवा. पण २०११ ते २०१३ च्या सुमारास कचेरीच्या कामासाठी असा लॅपटॉप घेऊ पाहणाऱ्यापुढे पेच असे. यंत्र चांगले, कळफलक उत्तम, वजन दीड किलोच्या आसपास. पडदा मात्र भरड. आताच घ्यावा, की अधिक बारीक ठिपक्यांचा पडदा येईपर्यंत थांबावे? हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात तो भूमितीचा आहे.

डोळ्याची कला

पंचांगात अंश आणि कला हे शब्द तुम्ही पाहिले असतील. वर्तुळाचे ३६० अंश, आणि एका अंशाच्या ६० कला. म्हणजे पूर्ण वर्तुळात २१,६०० कला झाल्या. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या २π पट असतो. २१,६०० ला २π ने भागा. उत्तर येते ३,४३८. याचा अर्थ असा की, एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या ३,४३८ पट अंतरावर ठेवली, तर ती आपल्या डोळ्याशी बरोबर एक कलेचा कोन करते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचे सारे गणित त्यावरच आहे.

नेदरलँड्समधील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलन यांनी १८६२ मध्ये दृष्टी तपासण्याचा तक्ता प्रसिद्ध केला. शाळेतल्या आरोग्य तपासणीत तुम्हाला दूर उभे करून जी अक्षरे वाचायला लावतात, ती याच तक्त्याची वंशज. ज्याची नजर ६/६ आहे, त्याला काळी रेघ आणि तिच्या शेजारची पांढरी फट प्रत्येकी एक कला रुंद असली की वेगळी ओळखता येते. त्याहून बारीक झाली की दोन्ही मिसळून करडा रंग दिसतो. कारण डोळ्यातच आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर एक कला म्हणजे जेमतेम ०.००५ मि.मी. आणि तेथे अगदी मध्यभागी शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारे ०.००२५ मि.मी. अंतराने दाटीने बसलेल्या असतात. म्हणजे एका कलेच्या वाट्याला दोनच पेशी! डोळ्यातही एक लावणीच आहे म्हणा ना, आणि तिच्यापेक्षा फार बारीक नक्षी तिला टिपता येत नाही. काही मुलांची नजर ६/६ हून तीक्ष्ण असते. पण फरक थोडाच.

आता खाचराकडे परत या. दोन रांगांमध्ये २० सें.मी. अंतर आहे आणि त्यात सुमारे १० सें.मी. हिरवे, १० सें.मी. पाणी आहे असे धरा. १० सें.मी. गुणिले ३,४३८ म्हणजे सुमारे ३४४ मीटर. त्यापलीकडून पाहिले की रांगा मिसळल्याच पाहिजेत. माथेरानचे पठार सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. तिथून हिरवी चादर दिसते यात नवल नाही.

काचेवरची लावणी

लॅपटॉपचा पडदा हेही एक खाचरच. त्यावर उभ्या-आडव्या ओळींत चित्रबिंदू, म्हणजेच पिक्सेल, लावलेले असतात. प्रत्येक चित्रबिंदूत तांबडी, हिरवी आणि निळी अशा तीन इवल्या खिडक्या असतात. मागून दिवा लागलेला असतो, आणि कोणती खिडकी किती उघडायची हे ठरवून हवा तो रंग मिळवतात.

२०११ मध्ये आलेला थिंकपॅड एक्स २२० हा कचेरीतल्या लहान लॅपटॉपचा चांगला नमुना. त्याच्या पडद्याचा कर्ण १२.५ इंच आणि रुंदी सुमारे २७७ मि.मी. त्या रुंदीत १,३६६ चित्रबिंदू. भागाकार करा: एक चित्रबिंदू सुमारे ०.२ मि.मी. त्याला ३,४३८ ने गुणले की ७० सें.मी. येतात. पण मांडीवरचा पडदा डोळ्यापासून साधारण ५० सें.मी. वर असतो. म्हणजे वाचणारा खाचराच्या बांधावरच उभा होता. त्याला रांगा दिसत होत्या! अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत, त्या यामुळे.

५० सें.मी. ला ३,४३८ ने भागले तर ०.१४५ मि.मी. उत्तर येते. तेवढा किंवा त्याहून लहान चित्रबिंदू हवा होता. त्याच वेळी खिशातल्या फोनने मात्र ही मजल मारली होती. २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ चा चित्रबिंदू ०.०७८ मि.मी. होता, तो २७ सें.मी. वरूनच मावळतो, आणि फोन आपण साधारण तितक्याच अंतरावर धरतो. दहा इंचांपेक्षा मोठा, महागडा लॅपटॉप भरड आणि तळहाताएवढा फोन बारीक, हे पाहून माणूस चिडला तर त्याला दोष देता येत नाही.

मराठी वाचणाऱ्याचे जास्त हाल

इंग्रजी वाचणाऱ्याला भरड पडदा एक वेळ चालून जाई. त्यांच्या लहान लिपीतल्या ‘ई’ला तीन आडव्या रेघा आणि दोन फटी, असे पाच चित्रबिंदू उंचीला पुरतात. आपल्या देवनागरीचे तसे नाही. शिरोरेघेच्या वर एक मजला, खाली अक्षराचा मुख्य मजला आणि त्याखाली उकारांचा तळमजला. ‘मूर्तींचा’ हा साधा शब्द घ्या. त्यातल्या ‘र्तीं’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार हे तिघेही वरच्याच मजल्यावर राहायला आले आहेत! सोळा चित्रबिंदू उंचीच्या अक्षरात वरच्या मजल्याला चार-पाचच मिळतात. रेघेला एक, फटीला एक असे वाटप केले तर कोणाला तरी बाहेर बसावे लागते.

‘भ’ आणि ‘म’ यांत फरक काय? डोक्यावरची गाठ आणि शिरोरेघेतली एवढीशी फट. ती फट एका चित्रबिंदूत बुजली की भिवपुरीची मिवपुरी होते. अंकांतही तेच. ‘१’ आणि ‘९’ दोघेही गाठ आणि शेपटीचे. सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर आणि आर मध्ये लिहितात. १०० आर म्हणजे एक हेक्टर. समजा ११ आरचे कोणी घाईत १९ आर वाचले, तर आठ आरांचा, म्हणजे जवळजवळ आठ गुंठ्यांचा फरक पडला. खालापूर-कर्जतच्या रस्त्यालगत आठ गुंठे म्हणजे काय, हे घरी वडीलधाऱ्यांना विचारा. अनुस्वाराचेही तसेच: ‘शिंदे’ यांच्या डोक्यावरचा ठिपका गेला की आडनावच बदलले.

या अडचणीशी झगडलेल्या एका मराठी माणसाचे नाव तुम्हाला ठाऊक हवे. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी पवईच्या आय. आय. टी. मध्ये अक्षररचना शिकवली. ‘मंगल’ हा संगणकावरचा देवनागरी टंक त्यांचा. विंडोज २००० बरोबर तो जगभरच्या संगणकांवर गेला. कागदावर बोरू फिरवताना वळण कुठेही वळवता येते. तेव्हाच्या पडद्यावर ते चौकटींतच बसवावे लागे. ठिपक्यांच्या रांगोळीत पाच ओळी पाच ठिपके देऊन कोणी मोर काढायला सांगितले तर कसे वाटेल? तसेच काहीसे. म्हणून ‘मंगल’ नीरस आहे अशी तक्रार मी ऐकतो तेव्हा मला ती जरा अन्यायाची वाटते. तुलनेसाठी सांगतो, छापील पुस्तकाच्या पाटीवर दर इंचाला १,२०० ते २,४०० ठिपके असतात. एक्स २२० च्या पडद्यावर १२५ होते.

एवढा उशीर का लागला?

बारीक पडदा बनवता येत नव्हता असे नाही. आय. बी. एम. ने २००१ मध्येच टी २२० नावाचा टेबलावरचा पडदा काढला होता, २२.२ इंचांत ३,८४० गुणिले २,४०० चित्रबिंदू, म्हणजे इंचाला २०४. अडचण दुसरीकडे होती.

एक तर दूरदर्शन संचांसाठी १,३६६ गुणिले ७६८ ची मांडणी रूढ झाली होती. लॅपटॉपलाही तीच मिळाली आणि ती स्वस्त पडे. दुसरे कारण प्रकाशाचे. प्रत्येक खिडकीला उघडझाप करणारा एक ट्रान्झिस्टर आणि तारा लागतात. त्यांतून उजेड जात नाही. १० मीटर बाजूच्या चौरस शेतात एकूण एक मीटर रुंदी बांधात गेली, तर पिकाला ९ गुणिले ९, म्हणजे शंभरातले ८१ भाग उरतात. शेताचे तुकडे करून बाजू ५ मीटर केली आणि बांध तेवढाच ठेवला, तर २५ पैकी १६, म्हणजे शंभरातले ६४ च भाग उरतात. पडद्याचेही असेच होते. खिडक्या लहान केल्या की मागचा दिवा मोठा करावा लागतो आणि बॅटरी लवकर संपते. दिवा मोठा केला आणि दादरपर्यंतच बॅटरी टिकली, तर बारीक पडद्याचा काय उपयोग? यावर उपाय म्हणजे बांधच अरुंद करणे. जपानमधील हिदेओ होसोनो यांच्या गटाने २००४ मध्ये इंडियम, गॅलियम आणि जस्त यांच्या ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर सादर केला. नेहमीच्या अस्फटिकी सिलिकॉनपेक्षा त्यात इलेक्ट्रॉन दहापट किंवा अधिक सहज धावतात, त्यामुळे तो लहान करता येतो. शार्प कंपनीने २०१२ मध्ये असे पडदे मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले.

तिसरे कारण मला सर्वांत मजेशीर वाटते, कारण ते काचेत नसून सवयीत आहे. कचेऱ्यांतले जुने कार्यक्रम मापे मि.मी. मध्ये नव्हे, चित्रबिंदूंत मोजत. ‘बटण २० चित्रबिंदू उंच’ असे एकदा लिहून ठेवले की ठेवले. चित्रबिंदू निम्मा केला की बटणही निम्मे, अक्षरही निम्मे! बारीक पडदा घ्यावा आणि भिंग घेऊन बसावे, अशी गत. अॅपलने २०१२ च्या मॅकबुक प्रो मध्ये यातून सोपी वाट काढली: उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना चित्रबिंदू नेमके दुप्पट केले, म्हणजे जुन्या एका ठिपक्याच्या जागी नवे चार. हिशेब सरळ राहिला. विंडोजवर मात्र सव्वापट, दीडपट असे वाढवावे लागे. आणि एका चित्रबिंदूची रेघ सव्वा चित्रबिंदूवर कशी काढणार? ती पुसट व्हायची. विंडोज ८.१ मध्ये, २०१३ साली, यात बरीच सुधारणा झाली. शेकडो लॅपटॉप एकदम घेणाऱ्या आणि दहा-दहा वर्षांचे कार्यक्रम वापरणाऱ्या कंपन्यांना तोवर घाई नव्हती. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाची मागणी त्यांच्यापुढे कोण ऐकणार?

थांबावे की घ्यावे?

२०१२ चा एक्स २३० पुन्हा त्याच भरड पडद्याचा निघाला. २०१३ च्या एक्स २४० मध्ये, जादा पैसे भरून, १२.५ इंचांतच १,९२० गुणिले १,०८० चा पडदा मिळू लागला. २७७ मि.मी. ला १,९२० ने भागा: ०.१४४ मि.मी. आपण काढलेली मर्यादा आठवते? ०.१४५! मराठी कागदपत्रे रोज वाचणाऱ्याने तोपर्यंत थांबणे माझ्या मते शहाणपणाचे होते; नुसते आकडे आणि इंग्रजी पत्रे लिहिणाऱ्याने थांबण्याचे फारसे कारण नव्हते.

त्यापुढे मात्र सावध राहावे. १४ इंचांत ३,८४० गुणिले २,१६० चित्रबिंदूंचा पडदा घेतला, तर त्याचे ठिपके २८ सें.मी. वरूनच मावळतात. ५० सें.मी. वरून पाहणाऱ्याला मिळणारा फायदा अगदी थोडा. थोडा म्हणतो, शून्य नव्हे. कारण दोन रेघा वेगळ्या ओळखायला एक कला लागत असली, तरी एकच रेघ मध्ये किंचित सरकली आहे हे डोळा कलेच्या सुमारे दहाव्या भागापर्यंत ओळखतो. व्हर्नियर कॅलिपरची मापपट्टी आपण वाचू शकतो ती याच गुणामुळे. तिरप्या रेघेच्या पायऱ्या म्हणूनच शेवटपर्यंत खुपतात.

करून पाहा

पांढऱ्या कागदावर १ मि.मी. जाड काळ्या रेघा, मध्ये १ मि.मी. फट सोडून, काढा. कागद भिंतीवर लावून मागे सरकत जा. सुमारे साडेतीन मीटरवर रेघा मिसळू लागतील. तुमच्या मिसळतात तिथे खडूने खूण करा, मित्राच्या मिसळतात तिथे दुसरी. मग शाळेच्या संगणकाच्या पडद्याची रुंदी मि.मी. मध्ये मोजून तिला आडव्या चित्रबिंदूंच्या संख्येने भागा आणि ३,४३८ ने गुणा. १८.५ इंची, १,३६६ चित्रबिंदूंचा पडदा असेल, तर उत्तर सुमारे एक मीटर येईल. तेवढ्यावर खुर्ची मागे घेऊन ‘मूर्तींचा’ हा शब्द पडद्यावर सोळा चित्रबिंदू उंचीचा लिहा. पायऱ्या बऱ्याच कमी जाणवतील. पण अनुस्वार वाचता येतो का, ते वहीत लिहून ठेवा.