पित्ताची गोळी औषधात धरता का?

पायांना मुंग्या येतात म्हटलं की घरोघरी उत्तरं तयार असतात. सासूबाई म्हणाल्या, वात आहे, तिळाचं तेल चोळ. ह्यांनी मोबाइलला दोष दिला. मेडिकलवाल्याने लाल कॅप्सूलची पट्टी पुढे केली. आणि झोप येत नाही, ही तर कुणी तक्रारच मानली नाही. पन्नाशीला आलेल्या बाईची झोप कमी होतेच, असं म्हणून विषय संपला.

माझ्या पायांत प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी चालल्या होत्या. एक म्हणजे तळव्यांच्या मुंग्या: दोन्ही पायांना सारख्या, दिवसाही आणि रात्रीही. चप्पल पायातून निसटली तरी पटकन कळायचं नाही. दुसरी संध्याकाळनंतर सुरू व्हायची. आडवं झालं की पोटऱ्यांत आतून वळवळ, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून घरात येरझारा घातल्या की थांबायची, पाठ टेकली की पुन्हा हजर. झोपेचं खोबरं केलं ते हिने.

शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेले त्यांनी हे दोन धागे सोडवून घेतले. कुठे, केव्हा, कशाने थांबतं, एवढंच विचारत राहिल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा नादकाटा वाजवून अंगठ्यावर टेकवला. त्याची थरथर मला जाणवली नाही. मग विचारलं, रोजची औषधं कोणती? मी म्हटलं, काही नाही. हे शेजारून म्हणाले, "अगं, पित्ताची गोळी?"

ती गोळी आपल्याकडे औषधात धरतच नाहीत. सकाळी रिकाम्या पोटी, चहाच्या आधी, वर्षानुवर्षं, चिठ्ठीशिवाय. पण ती जठरातलं आम्ल दाबते. नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व अन्नात प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सुटं करायला हेच आम्ल लागतं. भाजी-डाळींतलं लोह शोषलं जायलाही आम्लाची मदत होते. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ आम्ल दाबून ठेवणाऱ्यांत बी-१२ची कमतरता अधिक आढळते. त्यात मी शाकाहारी. आमची सारी भिस्त दूध-दह्यावर, आणि दिवसाला लागणाऱ्या सुमारे २.२ मायक्रोग्रॅमपैकी कपभर दुधातून जेमतेम निम्मं मिळतं. चहातल्या दुधाचं तर नावच नको. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष छापले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत.

माझा साधा रक्ताचा रिपोर्ट मात्र बरा दिसत होता. बी-१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान; दोन्ही कमी असलं की सरासरी ठाकठीक! म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, वेगळा तपासावा लागतो. प्रयोगशाळा तो वीसलाही 'नॉर्मल' छापते, पण रात्रीच्या अशा वळवळीत डॉक्टर तो पंच्याहत्तरच्या वर न्यायला बघतात.

रक्त आधी द्या, ताकदीचं इंजेक्शन नंतर घ्या. आधी टोचून घेतलं तर बी-१२चा आकडा फुगतो आणि खरी स्थिती झाकली जाते. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारतं, नसांची हानी मात्र चालू राहते. आणि लाल-गुलाबी कॅप्सूल मनाने दुप्पट करू नका. त्यातलं बी-६ दीर्घकाळ जास्त झालं तर त्यानेही मुंग्या येतात.

सगळ्यांचं कारण माझ्यासारखंच असेल असं नाही. मधुमेह आणि थायरॉइड तपासायलाच हवेत. मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही बी-१२ घटवतं. अंगठा आणि शेजारच्या दोन-अडीच बोटांना मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर दोष बहुधा मनगटात दाबल्या जाणाऱ्या नसेचा. करंगळीकडच्या मुंग्या असतील तर कोपराकडे बघा.

काही मुंग्यांना मात्र थांबायला वेळ नसतो. एका अंगाला एकाएकी बधिरता, तोंड वाकडं, जीभ अडखळणं. किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन लघवीवरचा ताबा जाणं: त्याच क्षणी रुग्णालय गाठा. पायांपासून वर चढत जाणाऱ्या मुंग्या आणि दिवसागणिक वाढणारी अशक्तता हीसुद्धा तशीच. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात अशीच लक्षणं असणाऱ्या गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

मला बी-१२ची इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. चहा आणि लोहाची गोळी यांत दोन तास अंतर ठेवायचं, हे चहाबाज माणसाला औषधापेक्षा कडू. पित्ताची गोळी एकदम बंद करू नका, आम्ल उसळून वर येतं; माझी डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवली. पोटऱ्यांची वळवळ लवकर शमली आणि झोप परतली. मुंग्यांना फार वेळ लागला, आणि अंगठे अजून थोडे बधिर आहेत. नसा सावकाश भरून येतात आणि उशीर फार झालेला असेल तर पूर्ण येतीलच असं नाही, हे बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.