नळ निवडताना: फॅशन आणि पाण्याचं गणित



सण जवळ आला की वसई-विरारमध्ये घरोघरी बाथरूमचं काम निघतं. दुकानात काळे मॅट नळ, सोनेरी नळ, मोठ्ठा रेन शॉवर असं सगळंच आवडतं. पण फॅशन बदलते, भिंतीत बसवलेली फिटिंग मात्र टाइल्स फोडल्याशिवाय बदलत नाही. म्हणून पैसे देण्याआधी मुलांना सोबत घेऊन चार प्रश्न सोडवा.

१) दाब किती? पाण्याची उंची १० मीटर असेल तर दाब साधारण १ बार मिळतो. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी शॉवरच्या जेमतेम ३ मीटर वर. म्हणजे दाब फक्त ०.३ बार! हौसेने घेतलेल्या रेन शॉवरमधून नुसतं पाणी ठिबकलं. आठवीच्या विज्ञानातला दाब मी वर्गात शिकवतो, दुकानात मात्र विसरलो. खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

२) पाणी किती लागेल? मिनिटाला १२ लिटर देणारा शॉवर ८ मिनिटं चालला तर ९६ लिटर पाणी जातं. बादलीत २० लिटरमध्ये आंघोळ होते. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी गृहीत धरतात. मग स्वयंपाक, कपडे, भांडी यांना उरलं किती? फक्त ३९ लिटर. आपल्याकडे सूर्या, उसगाव, पेल्हारचं पाणी येतं, तरी कितीतरी सोसायट्यांना टँकर मागवावा लागतो, हे विसरू नका.

३) पाणी कसं आहे? बोअरवेलचं पाणी बहुतेक वेळा जड असतं. त्यातले क्षार वाळले की पांढरे डाग पडतात आणि काळ्या नळावर ते लगेच दिसतात. डाग काढायला ॲसिड वापरलं तर वरचा थरच निघतो. रोज कोरड्या फडक्याने पुसायला वेळ आहे का, हे घरात आधी ठरवा.

४) सुटे भाग मिळतील का? वॉशर, कार्ट्रिज, तोंडाची जाळी आपल्या नाक्यावरच्या दुकानात मिळते का, ते विचारा. नळ सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर रोज ४ लिटरहून जास्त पाणी वाया!

उपक्रम: घरातल्या प्रत्येक नळाखाली बादली ठेवून १५ सेकंद पाणी भरा, मोजा आणि ४ ने गुणा. मिनिटाचा प्रवाह मिळेल. मुलांना तक्ता करू द्या. मोजलेलं पाणी झाडांना घाला.

पश्चिम पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये विहीर आणि बावखल बघून पाणी वापरायची सवय होती. आज पाणी नळाआड लपलंय. मुलांनी ते मोजलं तर पुन्हा दिसेल. रंग आवडीचा घ्या, पण हिशोब आधी करा.