खिडकीला पडदे किती, आणि कोणत्या बाजूला?

गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर आहेत. या परिसरातले माडियांचे जुन्या पद्धतीचे घर पाहिले, तर त्याला खिडकी जवळजवळ नसतेच. बांबूचा कूड, त्यावर मातीचा लेप आणि खाली उतरलेले छप्पर. ऊन आत शिरायला वाटच नाही! पण त्याबरोबर उजेडाचीही वाट बंद होते. आता गावोगाव सिमेंटची घरे, शाळा आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या आहेत. त्यांना चांगल्या रुंद, काचेच्या खिडक्या असतात. उजेड भरपूर मिळतो, पण मे महिन्यात चारनंतर त्या खोलीत बसवत नाही. मग आपण काय करतो? बाजारातून जाड, गडद रंगाचा पडदा आणतो आणि खोलीच्या आतून लावतो. तो लावूनही खोली तापतेच. असे का होते, हे आज पाहू या.

समजा, खिडकी २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच आहे. म्हणजे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. पश्चिमेकडच्या उभ्या भिंतीवर मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट इतके प्रारण पडते. खिडकीवर एकूण १८०० वॅट पडले, तर साध्या काचेतून त्यातले दीड हजार तरी आत येतात. भर उन्हाळ्यात खोलीत विजेची मोठी शेगडी पेटवून ठेवावी, तसाच हा प्रकार!

"पण खिडकीवर छज्जा आहे ना?" असे तुम्ही म्हणाल. छज्जाचा उपयोग खिडकीच्या दिशेवर अवलंबून असतो. सूरजागडचा अक्षांश सुमारे १९.६ अंश उत्तर आहे. २१ मार्चला मध्यान्ही सूर्य तेथे क्षितिजापासून ७०.४ अंश उंच असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर त्याची सावली ६० × टॅन ७०.४° म्हणजे सुमारे १६८ सेंटिमीटर खाली येते. दीड मीटरची खिडकी पूर्ण झाकली गेली. २२ डिसेंबरच्या सुमारास हाच सूर्य मध्यान्ही ४७ अंशांवर असतो. तेव्हा सावली फक्त ६४ सेंटिमीटर पडते आणि उरलेल्या खिडकीतून थंडीतले हवेहवेसे ऊन आत येते. दक्षिणेच्या खिडकीचे काम असे छज्जाच परस्पर करून टाकतो.

पश्चिमेला मात्र तो हतबल ठरतो. मे महिन्याच्या मध्याला साडेचार वाजता सूर्य पश्चिमेकडे २७ अंशांपर्यंत उतरलेला असतो. त्याच ६० सेंटिमीटरच्या छज्जाची सावली आता जेमतेम ३० सेंटिमीटर पडते. वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्ब्युझिए याने अहमदाबादच्या गिरणीमालक संघाची इमारत १९५४ साली बांधली, तेव्हा पश्चिमेच्या अंगाला काँक्रीटचे तिरके उभे पडदे उभारले. सावली द्यायची आणि वारा अडवायचा नाही, असा त्याचा हेतू होता. आपल्याला काँक्रीटची गरज नाही. आपल्याकडे बांबू आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पडदा आत की बाहेर?

सूर्यप्रकाशातली बहुतेक ऊर्जा अडीच मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीच्या किरणांत असते. काच या किरणांना वाट देते. आतल्या जाड पडद्यावर ते पडले, की तो त्यांना शोषतो आणि तापतो. तापलेला पडदाही प्रारण फेकतो, पण त्याची तरंगलांबी १० मायक्रॉनच्या आसपास असते. या किरणांना काच पारदर्शक नाही. ती त्यांना शोषून घेते आणि सरळ बाहेर जाऊ देत नाही. शिवाय पडद्याला लागून असलेली हवा तापून वर चढते आणि खोलीत पसरते. म्हणजे तुम्ही ऊन अडवलेत खरे, पण घरात घेऊन अडवलेत. गडद मखमली पडद्याचा मला म्हणूनच राग आहे. तो भिंतीला शोभतो. उन्हाळ्यात त्याचा दुसरा उपयोग फारसा नाही. पांढरा पडदा त्याहून बरा, कारण तो बराचसा प्रकाश प्रकाश म्हणूनच परत फिरवतो आणि तो काचेतून पुन्हा बाहेर निघून जातो.

आता पडदा काचेबाहेर लावा. तोही तापेल, पण त्याची उष्णता वारा बाहेरच्या बाहेर घेऊन जाईल. त्याच्यापासून निघणारे लांब तरंगलांबीचे किरण काचेवर अडतील. जी काच मघाशी आपल्याविरुद्ध काम करत होती, तीच आता आपल्या बाजूची झाली! चांगला बाहेरचा पडदा असेल, तर उन्हातली साधारण पाचवा भाग उष्णताच खोलीत पोचते. गडद पडदा आतून लावला, तर निम्म्याहून अधिक.

चंद्रपूर-गडचिरोलीत बाहेरच्या पडद्याला उत्तम वस्तू म्हणजे बांबूच्या कामट्यांची चिक. बुरुड कारागीर ती हव्या त्या मापाची विणून देतात. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रही आहे. चिक करवून घेताना कामटीची जाडी आणि फट यांच्याकडे लक्ष द्या. समजा, कामटी १० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड आहे, आणि दोन कामट्यांत २ मिलिमीटर फट आहे. किरण २७ अंशांनी खाली उतरत येतो. ३ मिलिमीटर जाडी ओलांडेपर्यंत तो दीड मिलिमीटर खाली येतो. म्हणजे २ मिलिमीटर फटीतून सरळ आत येणारी वाट अर्ध्या मिलिमीटरचीच उरते. दर १२ मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४ टक्के ऊन! आडवी नजर मात्र पूर्ण फटीतून बाहेर जाते आणि अंगणात कोण आले ते दिसते. सूर्य अगदी मावळतीला टेकला, की ही युक्ती चालत नाही, पण तोवर त्याचा जोरही ओसरलेला असतो.

चिक काचेला चिकटवू नका. १० ते १५ सेंटिमीटर अंतर सोडा आणि वरची बाजू उघडी ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. रुंदीला दोन्ही बाजूंना वीत-वीतभर जास्त घ्या. वाळलेला बांबू चटकन पेट घेतो, म्हणून चुलीजवळच्या खिडकीला चिक नको.

चिकेऐवजी वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडण्याची रीत विदर्भाला नवी नाही. वाळ्याच्या थंड खोल्यांचा उल्लेख 'ऐन-इ-अकबरी'त आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा तापमापक २३-२४ अंश दाखवतो. ताटीतून येणारी हवा त्या दिशेने थंड होत जाते. पण जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असताना दोन्ही तापमापकांत दीड अंशाचाही फरक उरत नाही. तेव्हा ताटी गुंडाळून माळ्यावर टाकावी.

हे सगळे खिडकी उघडी ठेवता येते असे मानून झाले. सूरजागडहून लोहखनिज घेऊन जाणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यालगत घर असेल, तर लाल धुळीमुळे खिडकी बंदच ठेवावी लागते. वाऱ्याचा आधार गेला, की बाहेरची सावली हाच मुख्य उपाय राहतो. ही धूळ म्हणजे मुख्यतः लोहाचे ऑक्साइड. पांढऱ्या कापडावर ती बसली, की त्याची प्रकाश परतवण्याची शक्ती घटते. म्हणून आतला पातळ पांढरा पडदा कडीवरून सहज निघेल असा, साध्या सुती कापडाचा शिवा आणि वरचेवर धुवा. चिकेतून आलेला उजेड तो खोलीभर पसरवतो. वहीवर पट्टे पडत नाहीत.

तिसरा, जाड पडदा थंडीसाठी. काचेपेक्षा स्थिर हवा उष्णतेला सुमारे तीसपट अधिक अडवते. ३ मिलिमीटर काचेइतका अडथळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा हवेचा थरही करतो! पण हवा स्थिर हवी. पडदा वरून उघडा आणि खालून अधांतरी असेल, तर काचेला लागून थंड झालेली हवा खाली ओघळते, वरून खोलीतली ऊबदार हवा तिची जागा घेते, आणि उलटी चिमणी सुरू होते. म्हणून वर फळी ठोका आणि पडदा जमिनीला टेकू द्या.

हे सारे तुम्हाला शाळेत पडताळता येईल. पुठ्ठ्याची दोन सारखी खोकी घ्या, प्रत्येकाच्या एका बाजूला सारखी काच बसवा आणि आत एकेक तापमापक ठेवा. तापमापकाच्या फुग्यावर थेट ऊन पडणार नाही, अशी पुठ्ठ्याची आड करा. एकात काळे कापड काचेच्या आतून लावा, दुसऱ्यात तेच कापड काचेबाहेर दोन बोटे अंतरावर. दोन्ही उन्हात ठेवून दर पाच मिनिटांनी अर्धा तास नोंदी घ्या आणि आलेख काढा. नंतर काळ्याऐवजी पांढरे कापड लावून हाच प्रयोग पुन्हा करा. कोणत्या जोडीत दोन तापमानांतला फरक जास्त येईल, ते तापमापक वाचण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा.