नवं करून दिलं, तरी नाराज?

प्रस्तुत लेखकाच्या वडिलांचं एचएमटी जनता हे चावीचं घड्याळ मागे पडायचं, तक्रार एवढीच होती. दुरुस्तीहून ते परत आलं ते लखलखीत होऊन. केसला बफ मारून कडा गोलसर केलेल्या आणि वर्षानुवर्षं पिवळसर होत गेलेल्या डायलच्या जागी पांढरीशुभ्र डायल!

"काका, नवं करून दिलं, तरी नाराज?" दुकानदारानं मान वर करायचीही तसदी घेतली नाही. जुनी डायल? "ती कोण ठेवतं?" बिलात नव्या डायलचे पैसे लावायला मात्र तो विसरला नव्हता.

खरा प्रकार उलगडला तो घरी, भिंगाखाली. डायलवरची 'पॅरा शॉक' ही अक्षरं जाडसर, एकमेकांना चिकटलेली. मिनिटांच्या रेघा तर एका बाजूला सरकलेल्या. म्हणजे ही डायल कंपनीची नव्हतीच. एचएमटीनं जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं बेंगळुरूत १९६१ साली घड्याळांचा कारखाना सुरू केला. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. मग कोरी डायल येते कुठून? बहुतेकदा जुनीच खरवडून, रंगवून, पुन्हा छापलेली असते ती. न छेडलेल्या डायलला शौकीन जास्त पैसे मोजतात, हे त्या दुकानदाराला ठाऊक नव्हतं यावर प्रस्तुत लेखकाचा काडीचाही विश्वास नाही.

चावीचं घड्याळ दुरुस्तीला देताना मागचं झाकण तिथेच उघडायला लावावं. मशीन आणि डायल, दोन्हींचे फोटो काढावेत. पावतीवर 'फक्त सर्व्हिसिंग, डायल-केसला हात लावू नये, काढलेले भाग परत' असं लिहून घ्यावं. मशीन पूर्ण खोलून धुणार, की अख्खंच पेट्रोलमध्ये बुडवणार, हेही विचारावं. बुडवलं की घाण आणि जुनं तेल भलतीकडे पसरतं. हेअरस्प्रिंगचे वेढे तेलानं एकमेकांना चिकटले, तर घड्याळ सुसाट पुढे पळतं.

परत घेताना टायमिंग मशीनवर लावून दाखवायला सांगावं. जनताचे ठोके तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच. घड्याळ आडवं ठेवून आणि उभं धरून, दोन्ही रीडिंग बघावीत. मनगटावर ते आडवं थोडंच पडून राहतं?

बाकी पाण्यापासून जपावं, रोज ठरावीक वेळी चावी द्यावी, विश्वासू माणूस गाठावा वगैरे नेहमीचंच. हे दुकानही 'विश्वासू' म्हणूनच सुचवलं गेलं होतं!

आणि हो, बिलात डायलचे पैसे दिसले तर ते चुकते करण्याआधीच जुनी डायल मागावी. नंतर मागितली की दुकानदाराला एकाएकी गिऱ्हाइकांची गर्दी होते.