जुना एअर इनटेक विकताना

प्रश्न : माझ्या फोर्ड मस्टँगला बाहेरून घेतलेला एअर इनटेक बसवला होता. तो विकताना काय काळजी घेऊ?
– एक वाचक, पिंपळे गुरव

उत्तर : आधी कंपनीचा मूळ एअरबॉक्स परत बसवा. इनटेकसाठी ईसीयू ट्यून केला असेल, तर तोही पूर्ववत करून घ्या. जाहिरातीत मॉडेलचं वर्ष आणि इंजिन लिहाच. भारतात २०१६ मध्ये आलेल्या मस्टँगला ५ लिटरचं व्ही-८ इंजिन आहे, २.३ लिटर टर्बोचा इनटेक तिला बसत नाही. तेल लावायचा कापडी फिल्टर धुऊन पूर्ण वाळवा. जादा तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि इंजिनाला चुकीचा अंदाज मिळतो. पाइप, क्लॅम्प, रबरी जोड यांचे जवळून फोटो द्या. चीर असेल तर लपवू नका. तिथून धूळ थेट इंजिनात जाते.