सीलिंगची पट्टी काट्यावर घे

बापू, आता तू स्वतःच्या जबाबदारीवर सीलिंगची कामं घेतोयस, तर माल आणायला जाण्याआधी एवढं ऐकून जा. गिऱ्हाईक बोर्डाची कंपनी विचारतं, लाइटी कुठं बसतील ते विचारतं, दिवाळीच्या आत होईल का तेही विचारतं. आतली पट्टी किती जाडीची, असं विचारणारं गिऱ्हाईक आपल्याकडं क्वचितच. ते विचारायचं काम तुझं.

वजनाचा अंदाज आधी डोक्यात पक्का कर. साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड चौरस मीटरला साडेआठ किलोच्या आसपास भरतो. दहा बाय बाराची खोली धर. नुसत्या बोर्डाचेच 95 किलो झाले. त्यात पट्ट्या, स्क्रू, सांध्याची पुट्टी मिळवली की सव्वा क्विंटलला टेकतं. एवढं वजन लोकांच्या पलंगावर टांगून आपण पैसे घेऊन घरी येतो, हे लक्षात असू दे.

पट्ट्या मुख्य तीन. भिंतीला फिरते ती पेरिमीटर, स्लॅबखाली हँगरवर लटकते ती इंटरमीडिएट, आणि तिच्याखाली आडवी बसते ती सीलिंग सेक्शन. बोर्डाचे स्क्रू हिच्यातच जातात. जाडी सेक्शनला 0.55 आणि इंटरमीडिएटला 0.9 मिलिमीटर मागायची. दुकानदार म्हणेल, सगळे 0.4 चीच नेतात. नेऊ दे त्यांना. पातळ पत्र्यात स्क्रू आवळला की भोक मोठं होतं आणि स्क्रू जागेवरच गरगर फिरतो. मग पोरं शेजारी दुसरा मारतात. त्यावर पुट्टी फिरली की कुणाला काय कळतंय!

जाडी डोळ्यानं ओळखू येत नाही. बोटानं वाकवून पाहणारे पुष्कळ आहेत, पण त्यावर जाऊ नको. पट्टीच्या कडा किती दुमडल्यात यावर ते वाकणं ठरतं. तू सरळ काटा माग. खामगावात चांदी ग्रॅम-ग्रॅमनं तोलतात आणि त्याच गावात पट्टी मात्र नगावर विकतात, ही गंमतच आहे. 12 फुटी सीलिंग सेक्शन पुऱ्या मापाची आणि 0.55 ची असेल तर दोन किलोला जेमतेम कमी भरते. 0.4 ची असेल तर दीड किलोच्या आत राहते. इंटरमीडिएट दिसायला अरुंद, पण 0.9 ची असल्यानं तीही दोन किलोच्या जवळ जाते. एका नगानं फसशील, म्हणून दहाचा गठ्ठा चढव. सेक्शनचा गठ्ठा एकोणीस-वीस किलो दाखवतो की चौदा, एवढंच पाहायचं. दुकानदार हसेल, ‘काहून भाऊ, भंगारात घालायची हाय काय?’ म्हणेल. हसू दे.

वजन जुळलं की सेक्शनचं पोट बघ. त्यावर बारीक खवले उठवलेले असतात, त्यानं स्क्रूचं टोक सरकत नाही. गुळगुळीत पोटाची पट्टी घेऊ नको. पट्टी जमिनीवर ठेवून एका टोकाकडून नजर लाव. पीळ पडलेली बाजूला काढ. ट्रकमधून उतरताना पीळ पडतोच, आणि तो छतावर बोर्ड लावूनही सरळ होत नाही.

जस्ताच्या थराचं थोडं वेगळं आहे. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त असलेला माल माग. चकाकीवर भुलू नको, पातळ थरही नवा असताना तसाच चमकतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांत काम असेल तर यात तडजोड करायचीच नाही. तिथं बोअरच्या खाऱ्या पाण्यात पीओपी कालवतात. ते मीठ पट्टीला लागलं की आधी जस्त खातं, मग लोखंड. कालवायला गोडं पाणी घे, दोन कॅन विकत आणावे लागले तरी आण. आणि पट्टी ग्राइंडरनं कापू नको. ठिणग्या उडतात तिथलं जस्त जळतं आणि पहिला गंज तिथूनच धरतो. पत्रा कापायची कात्री वापर.

आता अंतर. पट्टी चांगली आणून ती लांब-लांब बसवली तर काय उपयोग? इंटरमीडिएट चार-चार फुटांवर, सेक्शन दीड-दीड फुटावर, स्क्रू नऊ-नऊ इंचांवर. दीडचे दोन फूट केले तर दहा बाय बाराच्या खोलीत जेमतेम दोन सेक्शन वाचतात. त्या दोन पट्ट्यांपायी पावसाळ्यात बोर्ड ओल धरतो आणि मधे पोट काढतो. बुलढाण्यात घाटावर धुकं खोलीत शिरतं, तिथं तर हे हमखास. सेक्शन आणि इंटरमीडिएट क्लिपनंच जोड, बांधकामाची तार गुंडाळून नाही. हँगर स्लॅबला धरायला लोखंडी फास्टनर मार, लाकडी गुल्ली नको.

टिनाच्या घराचं काम मात्र सांभाळून घे. आपल्याकडं अर्धी मागणी तिथूनच येते, कारण मे महिन्यात मलकापूर-खामगावकडं पारा 44-45 वर गेला की टिनाखाली बसवत नाही. हँगर टिनाला कधीच अडकवायचा नाही, हे तुला ठाऊक आहे. पण टिनाखालच्या पाइपालाही सरळ जखडू नको. 20 फुटी लोखंडी पाइप 30 अंशांनी तापला की दोन मिलिमीटरच्या वर लांबतो आणि रात्री परत आखडतो. रोजची ही ओढाताण बोर्डाच्या सांध्यात उतरते आणि सरळ रेघेत तडा जातो. वरून वानरं उड्या मारतात ते वेगळंच. भिंती पक्क्या असतील तर भिंतीपासून भिंतीपर्यंत वेगळे चौकोनी पाइप टाक आणि सीलिंग त्यांना टांग. खर्च वाढतो, तो गिऱ्हाइकाला आधीच सांग. नाही म्हणालं तर ते काम दुसऱ्याला जाऊ दे.

धाब्याच्या घरात तुळईला हँगर लावण्याआधी तुळई ठोकून बघ. वाळवीनं पोखरलेली असेल तर पोकळ आवाज येतो. मातीत काही धरत नाही.

पंख्याचा हूक स्लॅबचाच, पट्टीचा संबंध नाही. झुंबर म्हणाले तरी तेच. बिलावर ‘सीलिंग चॅनल, नग इतके’ असं मोघम लिहून घेऊ नको. जाडी, लांबी आणि जस्ताचे ग्रॅम लिहायला लाव. दुकानदार कां-कूं करायला लागला की माल गाडीत भरण्याआधीच काय ते समजून घे.