ओझे कोणाचे आणि भार कोणाचा?

शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र ६:१-१०

ह्या पाठातील दुसरे व पाचवे वचन शेजारी ठेवून वाचले असता मनुष्य क्षणभर गोंधळतो. एकात प्रेषित पौल आपणांस परस्परांची ओझी उचलावयास सांगतो. दुसऱ्यात, ज्याचा भार त्यानेच उचलावा, असे तोच म्हणतो. मग आपण कोणते मानावे?

१. दोन शब्द. मूळ ग्रीक भाषेत येथे दोन निरनिराळे शब्द आहेत. दुसऱ्या वचनातील 'बारोस' म्हणजे दडपून टाकणारे वजन. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात दिवसभराच्या कष्टाविषयी हाच शब्द आला आहे (मत्तय २०:१२). पाचव्यातील 'फोर्तिओन' म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा बोजा. प्रभूच्या हलक्या ओझ्याविषयी हा शब्द आहे (मत्तय ११:३०). शेतात जाणारा प्रत्येक जण आपली भाकरी व आपले खुरपे आपणच नेतो. परंतु गाडी चिखलात रुतली म्हणजे चार खांदे लागतात.

२. ओझे कोणते? पहिल्या वचनात अपराधात सापडलेला बंधू आहे. त्यास सौम्यतेने उभे करावयाचे आहे. दहाव्या वचनात सर्वांचे, आणि विशेषेकरून विश्वासाच्या घराण्याचे, बरे करणे आहे. म्हणून कर्ज, आजार व नापिकी हीच ओझी नव्हेत. लाज हेही ओझेच आहे.

येथे माझाच दोष सांगतो. पाऊस न झालेल्या एका वर्षी आमच्या मंडळीतील एक शेतकरी उपासनेस येईनासा झाला. "ह्याचा विश्वास थंडावला," असे मी वडीलमंडळीजवळ बोललोही. तीन महिन्यांनी त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याची पत्नी म्हणाली, "पाळकसाहेब, दानाची थैली पुढे आली म्हणजे हात रिकामा, म्हणून हे येत नाहीत." नापिकीचे ओझे त्याच्यावर होतेच, त्यावर लाजेचे ओझे आम्ही ठेविले होते. त्याच ओसरीवर मी त्याची क्षमा मागितली व आम्ही प्रार्थना केली. पुढील पेरणीस तिघा बंधूंनी त्यास बियाणे व बैलजोडी दिली. तिफण मात्र त्यानेच धरली.

३. भार कोणता? साहाय्य मिळाले म्हणून आपले कर्तव्य सुटत नाही. इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई ह्यांनी मध्यप्रांतातील निराधार मुलींना आणून आश्रय दिला. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्नाबरोबर विद्या व कामही मिळाले. त्यांचे ओझे उचलले गेले, ते त्यांनी आपल्या पायांवर उभे राहावे म्हणून. प्रार्थना, प्रामाणिक श्रम, मुलांचे शिक्षण, व्यसनाचा त्याग, हे आपल्यासाठी दुसरा कोणी करणार नाही.

४. खचू नका. नववे वचन शेतकऱ्यास सहज कळेल. पेरणाऱ्यास दुसऱ्या दिवशी कणीस दिसत नाही; तरी तो शेत सोडून जात नाही. चांगले करणाऱ्यानेही हंगामाची वाट पाहावी.

कुटुंबात विचार करण्यासाठी प्रश्न :

१. आपल्या मंडळीत अलीकडे कोण दिसत नाही? त्याच्या घरी कोण गेले?

२. आपले कोणते ओझे आपण लाजेने लपवितो?

३. आपला कोणता भार आपण दुसऱ्यावर टाकिला आहे?

येत्या रविवारच्या आत एका तरी घराचा उंबरठा ओलांडा.